रात्रभराचं गाणं आणि महापालिका

सवाई गंधर्व महोत्सव रात्री दहाला आटपायला लागल्यापासून गाण्यातली रात्रच गेली, हे पुणेकरांचं लाडकं दुःख. डिसेंबर आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची उजळणी होते आणि खापर कोर्टाच्या डोक्यावर फुटतं.

मी राहतो शिकागोत. इथली महापालिका सप्टेंबरात वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल भरवते. त्यातली 'रागमाला' ही आपल्या शास्त्रीय संगीताची मैफल संध्याकाळी सहाला बसते ती सकाळी आठला उठते. तिकीट नाही. जागा कल्चरल सेंटर, म्हणजे 1897 सालची, मूळची सार्वजनिक लायब्ररीची इमारत. वर टिफनीच्या काचेचा 38 फुटी घुमट, खाली खुर्च्या, आणि पुढे योगाच्या चटया टाकून आडवी झालेली कॉलेजची पोरं. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकत बसलेला असतो आणि मागे कॉफीवर पहाटेच्या रागांवर 'आता ललत की भटियार' अशी पैज लागते. सवाईत मुलतानी, मारवा असे दिवस कलतानाचे राग भरपूर मिळतात, दिवाळी पहाटेला भैरवही. पण मध्यरात्रीच्या दरबारीपासून पहाटेच्या ललतपर्यंतचा अख्खा प्रवास एका बैठकीत? तो मला इथं भेटला, याचा थोडा रागच येतो.

आता कोर्टाबद्दल. कोर्टाचा आधार म्हणजे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम; ते रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागा त्यातून वगळलेल्या आहेत. रागमालाही बंदिस्त हॉलमध्येच होते. सवाईचा मांडव हॉलमध्ये मावणार नाही, कबूल. पण हजारेक माणसांची एक रात्र पुण्यात 1968 पासून उभ्या असलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात सहज मावेल, आणि ते पालिकेच्याच मालकीचं आहे.

बालगंधर्ववर वाद कमी झालेत का? पाडायचं की नाही, तारखा कुणाला, स्वच्छतागृहं कशी. सगळे रास्त. पालिका पुरस्कारही देते. पण तिनं स्वतः त्या रंगमंचावर वर्षभर काय करायचं ठरवलंय, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. आपल्याकडे पालिका नाट्यगृहाची घरमालक असते, यजमान क्वचितच. शिकागोत संस्कृती खातं स्वतः कार्यक्रम आखतं, आणि त्याचा बराचसा पैसा हॉटेलांवरच्या करातून येतो.

म्हणून शिकागोची आरती ओवाळायची गरज नाही. पालिकेचे फुकट कार्यक्रम जिथं होतात ते डाउनटाउनमधलं मिलेनियम पार्क 15 कोटी डॉलरमध्ये होणार होतं, चार वर्षं उशिरानं 2004 मध्ये उघडलं तेव्हा आकडा 47 कोटींच्या पुढे गेला होता. 2022 मध्ये तिथं एका सोळा वर्षांच्या मुलाचा गोळीबारात जीव गेला. त्यानंतर गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर मोठं माणूस सोबत नसेल तर अल्पवयीनांना आत सोडायचं नाही, असा नियम आला. फुकट कार्यक्रम खरे, पण बॅग तपासूनच आत. सगळं डाउनटाउनलाच, आम्हाला काय, ही दक्षिण आणि पश्चिम शिकागोची जुनी तक्रार तर हडपसर-कात्रजच्या लोकांना पाठ असेल.

तरी एक करता येईल. बालगंधर्वची शनिवारची एक रात्र पालिकेनं स्वतःच्या नावावर टाकावी. पडदा ओढणाऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना रात्रपाळीचा भत्ता द्यावा आणि सकाळी डेक्कनवरून हडपसर-कात्रजला पीएमपीच्या दोन जादा गाड्या सोडाव्यात.