बुडायचंच असेल तर मोठं बुडा

भाऊ, तुमचं गणित मुळातच चुकलं. विकासोतून, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून, दोन लाखांचं पीककर्ज उचललं, केळी लावली, सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने निम्मी खोडं उपटायला लावली आणि उरलेली बाग वादळाने आडवी केली. आता 31 मार्चच्या आत नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, सावकाराकडून चार दिवसांपुरते पैसे शोधताय. सात-बारावर बोजा आहेच. दोन लाखांनी बुडणाऱ्यासाठी दिल्लीत कोण बैठक लावेल?

बुडायचं तर आकड्याने लोकांच्या पोटात गोळा आला पाहिजे. बड्या कंपन्यांनी कर्जं थकवली, सरकारी बँकांचे ताळेबंद फाटले, आणि 2017 मध्ये सरकारने त्या बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींचं भांडवल जाहीर केलं. तुम्ही काडेपेटीपासून डिझेलपर्यंत जो कर भरता ना, त्यात तुमचाही वाटा होता. तेव्हा तुम्हीही बडे दाते आहात, फक्त पावती मिळाली नाही.

धंदा निवडताना डोकं वापरा. पतसंस्था चुकूनही बुडवू नका, जळगाव जिल्ह्याला त्याचा अनुभव आहे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून म्हातारे वर्षानुवर्षं चकरा मारतात. पाच लाखांचं ठेव विम्याचं कवच बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. म्हणून बँकच बुडवा, तीही मोठी. मार्च 2020 मध्ये येस बँकेतून 50 हजारांच्या वर पैसे काढायला बंदी आली, स्टेट बँक आणि इतर बँका भांडवल घेऊन धावल्या आणि दोन आठवड्यांच्या आत बंदी उठलीसुद्धा. ठेवीदार वाचले, हे उत्तमच झालं. ठेवीदार आणि कामगार वाचलेच पाहिजेत, त्यात माझं दुमत नाही. पण पुरात म्हशीची शेपटी धरावी तसा त्यांना धरून मालकही पैलतीराला लागतो, आणि काठावर पोचला की म्हैस आपलीच म्हणतो.

मालाच्या भावाचंही शिकून घ्या. तुमच्याकडे रावेरचा बोर्ड भाव, म्हणजे केळीचा ठरलेला दर, जाहीर होतो, व्यापारी बागेत येतो, घडाला दोन बोटं लावतो, ‘माल हलका आहे’ म्हणतो आणि बोर्डाच्या खाली भाव सांगतो. आज कापणी नाही केली तर उद्या गाडी नाही, हेही ऐकवतो. आता व्होडाफोन आयडियाचं बघा. 2023 मध्ये तिच्या सरकारी देण्यावरच्या व्याजापोटीचे 16,133 कोटी सरकारने शेअर्सच्या रूपात घेतले, दहा रुपयाला एक. बाजारात तोच शेअर दहाच्या खाली मिळत होता. 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे शेअर्स तसेच घेतले आणि सरकारचा हिस्सा 49 टक्क्यांच्या घरात गेला. माल हलका आहे, असं कुणी म्हणालं नाही. तुम्हीही सोसायटीला सांगून बघा, व्याजाऐवजी घड घ्या, बोर्डाच्या वरच्या भावाने. सचिव चहा पाजून घरी पाठवेल.

पैसे मिळाल्यावर लाजायचं नाही. अमेरिकेत एआयजी ही विमा कंपनी 2008 मध्ये सरकारी पैशाने तगली. पुढच्याच मार्चमध्ये तिने ज्या विभागाने खड्डा खणला त्याच विभागातल्या लोकांना साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस दिले. कारण काय, तर करार झालेला होता. करार पाळावाच लागतो. पीकविम्याचा करारही असाच असतो म्हणा, पण तिथे ज्याच्या नोंदीवर भरपाई ठरते त्या हवामान केंद्रावर पाऊस वेगळा पडतो.

शेवटी मागायला जाण्याची रीत. नोव्हेंबर 2008 मध्ये डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला खासगी विमानांनी गेले. लोक चिडले, तेव्हा पुढच्या महिन्यात ते मोटारींनी गेले. त्याच महिन्यात त्यांपैकी दोन कंपन्यांना 17.4 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. तेव्हा तुम्हीही विमानानेच सुरुवात करा. ट्रॅक्टरने गेलात तर तुम्ही शेतकरी आहात हे गेटवरच कळेल, आणि तुमचा अर्ज ‘उचित कार्यवाहीसाठी’ थेट तुमच्याच तहसीलला परत येईल.