प्रार्थनेच्या आडून भाषण

चर्चने राजकारणात पडावं का, हा वाद निघाला की सगळ्यांचं बोट प्रवचनाकडे जातं. पाळक काय बोलले, बिशपांनी कुठलं पत्रक काढलं, निवडणुकीआधी पहिल्या बाकावर कोण येऊन बसलं. मला विचाराल तर उपासनेतली सगळ्यात राजकीय जागा प्रवचन संपल्यानंतर येते. मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे मंडळीने इतरांसाठी देवाकडे केलेल्या विनंत्या. जेमतेम तीन-चार मिनिटांचं काम, आणि बहुतेक ठिकाणी ते शनिवारी रात्री कोणाच्या तरी गळ्यात मारलेलं असतं.

प्रवचन लोक ऐकतात. पटलं तर घेतात, नाही तर घड्याळ बघतात. इथे मात्र प्रत्येक विनंतीनंतर सगळ्यांनी तोंडाने ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ म्हणायचं असतं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या वाक्याखाली अख्ख्या मंडळीची सही होते, तीही न विचारता.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, हे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात आहे (२:१-२), आणि तेव्हाचे राज्यकर्ते ख्रिस्ती नव्हते, हे विसरायचं नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक रोमी अधिकाऱ्यांना ठणकावून सांगतो की आम्ही सम्राटाची पूजा करणार नाही, पण त्याला दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य आणि शूर सैन्य मिळावं म्हणून आमच्या देवाकडे मागतो. त्या काळच्या मानाने हे फार धाडसाचं होतं. ज्याच्यासाठी दुसऱ्याकडे मागावं लागतं, तो स्वतः देव कसा असेल?

पुढे रोमन विधीत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनापद्धतीत, ही सामायिक प्रार्थना कित्येक शतकं नाहीशीच झाली, मुख्यतः उत्तम शुक्रवारच्या विधीत तेवढी टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ती परत आणली. क्रमही ठरलेला आहे : आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जगाचं कल्याण, मग संकटात असलेले, शेवटी स्थानिक मंडळी. प्रोटेस्टंट मंडळ्यांत क्रम सैल असतो, पण हे चार कप्पे डोक्यात ठेवले तर कोणाचंच बिघडणार नाही. ‘आपल्या’ आजाऱ्यांची यादी वाचली आणि बसलो, असं झालं की जग बाहेरच राहिलं.

आता लिहिण्याबद्दल. चार ते सहा विनंत्या पुरेत. प्रत्येक विनंती एका वाक्याची, पंचवीस-तीस शब्दांच्या आत. त्याहून लांबली की प्रतिसाद कुठे द्यायचा ते लोकांना कळत नाही, अर्धे आधी बोलतात, अर्धे गप्प राहतात. प्रतिसाद सुरुवातीला एकदा सांगायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा. विनंती आणि प्रतिसाद यांच्यामध्ये पाच-सहा सेकंद थांबायचं. वाचणाऱ्याला ते अर्ध्या तासासारखं वाटतं, म्हणून तो थांबतच नाही. कॅथलिक विधीत धर्मगुरूचं प्रास्ताविक मंडळीला उद्देशून असतं आणि समारोपाची प्रार्थना देवाला उद्देशून. हे दोन उलटेपालटे झालेले वरचेवर ऐकू येतात. आणि आजाऱ्यांचं नाव घ्या, त्यांचा रिपोर्ट माइकवर वाचू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते राज्यकर्त्यांच्या विनंतीत. नमुना बघा : ‘हे प्रभू, आमचे नेते भ्रष्ट आणि स्वार्थी झाले आहेत, गरिबांना विसरले आहेत, त्यांना सुबुद्धी दे.’ यात देवाला बातमी सांगितली आहे, नेत्यांना टोमणा मारला आहे आणि मंडळीला कोणावर रागवायचं ते सुचवलं आहे. मागणं शेवटच्या तीन शब्दांत उरकलं. हेच असं करता येतं : ‘जे कायदे करतात आणि जे राबवतात त्यांच्यासाठी : ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही, अशांचं त्यांनी आधी ऐकावं म्हणून प्रार्थना करू या.’ धार दुसऱ्या वाक्याला जास्त आहे, आणि सत्ताधारी पक्षाला मत दिलेला माणूसही ते मनापासून म्हणू शकतो. माझी कसोटी तीच : माझ्या विरुद्ध मत देणाऱ्या, पण प्रामाणिक माणसाला हे वाक्य म्हणता येईल का? विशेषणं काढली की बहुतेक वेळा येतं.

पण ही कसोटी पळवाट म्हणूनही वापरली जाते. ‘जगात शांती नांदो’ म्हटलं की कोणी रागवत नाही, आणि कोणाला काही टोचतही नाही. १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश मागितला आणि युद्ध दारात आलं, तेव्हा चर्चमधल्या नाझी ढवळाढवळीला विरोध करणाऱ्या जर्मनीतल्या कन्फेसिंग चर्चच्या नेतृत्वाने ३० सप्टेंबरसाठी प्रार्थनाविधी तयार केला. त्यात शत्रूच्या पराभवाची मागणी नव्हती. स्वतःच्या राष्ट्राच्या पापांची कबुली होती. म्युनिक करार होऊन युद्ध टळलं, उपासनेची गरज उरली नाही. पण तो कागद एसएस या नाझी संघटनेच्या मुखपत्राच्या हाती लागला, देशद्रोहाची ओरड झाली आणि काही बिशपांनी अंग काढून घेतलं. नुसत्या प्रार्थनेच्या मसुद्यावरून! दक्षिण आफ्रिकेत १६ जून १९८५ ला चर्चनेत्यांनी याहून पुढे जाऊन अन्यायी राजवट संपावी म्हणूनच प्रार्थनेची हाक दिली. चर्चमध्येच त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. माझ्या मते ती हाक बरोबर होती : मागणं उघड होतं, आडपडदा नव्हता आणि मागणाऱ्यांनी त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती. वर्णद्वेषाला पाठिंबा देणाऱ्याला ती म्हणता आली नसती, हे खरं. म्हणूनच कसोटीत ‘प्रामाणिक’ शब्द आहे. दुसऱ्याला माणूस न मानणाऱ्याची सोय बघायला ती कसोटी नाही.

वगळण्यातही राजकारण असतं. ४ जुलै १७७६ ला, अमेरिकेने इंग्लंडपासून स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच दिवशी, फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या कारभारी मंडळाने इंग्लंडच्या राजासाठीच्या प्रार्थना उपासनेतून काढायचं ठरवलं. दीक्षेच्या वेळी राजनिष्ठेची शपथ घेतलेल्या धर्मगुरूंसाठी हा निर्णय सोपा नव्हता. आजही कोणाचं नाव महिनोन्महिने घेतलं जात नाही, हे मंडळी बरोबर टिपते.

निवडणुकीच्या आठवड्यात उमेदवारांची नावं अजिबात नकोत, एकाचंही नको आणि सगळ्यांचीही नकोत. मतदार, मतदान केंद्रावर राबणारे कर्मचारी, मोजणी करणारे, इतकं पुरे. निकालानंतर जिंकलेल्यांसाठी न्यायबुद्धी मागा आणि हरलेल्यांसाठी धीर. त्यात ‘आभार’ घुसवायचा मोह होतो, तो टाळा. अर्ध्या मंडळीला त्या दिवशी आभार मानायचे नसतात. आणि मसुदा शुक्रवारपर्यंत दुसऱ्या एकाने वाचलेला हवा, शक्यतो लिहिणाऱ्याशी राजकारणावरून ज्याचं पटत नाही अशाने.