पोटाचा सातबारा

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पोटावर कणीक तिंबायला सुरुवात होते. आधी उजवा पंजा, मग डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. घाई नाही, गडबड नाही. लग्नघरी पंचवीस माणसांची कणीक पुढ्यात घेऊन बसलेली आत्या कशी शेजारणीशी बोलत संथपणे मळत राहते, तसं. फरक इतकाच, की आत्याला नखं नसतात. इथे प्रत्येक दाबासरशी चार-चार नखं गोधडीतून, टी-शर्टातून खाली उतरतात, कातडीची चौकशी करतात आणि परत जातात. वर मोटार लावल्यासारखी घरघर. डोळे अर्धे मिटलेले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेचा एक थेंब, जो नेमका माझ्या बेंबीच्या आसपास पडतो.

मळणाऱ्याचं नाव तात्या. वजन साडेपाच किलो, वय चार वर्षं, रंग पिवळा आणि पांढरा, व्यवसाय काही नाही.

हे नाव मुलीने ठेवलं. पिल्लू असताना तो वर्तमानपत्रावर बसून अग्रलेखाकडे नाराजीने बघत असे, म्हणून. अडचण अशी, की आमच्या खालच्या मजल्यावर खरोखरचे एक तात्या राहतात. निवृत्त आहेत, सोसायटीच्या पाण्याचं बघतात. गेली चार वर्षं आमच्या खिडकीतून त्यांच्या कानावर जे जाऊ नये ते सगळं जातंय. "तात्या, ओट्यावरून उतर आधी!", "तात्या, पडदा सोड!" आणि एकदा बायकोच्या खणखणीत आवाजात, "तात्याला सांगा, आता पोट दुखलं तर मी डॉक्टरकडे नेणार नाही." परवा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी पोटावरून हात फिरवत "आता बरं आहे" एवढंच सांगितलं.

तर मूळ प्रश्न असा, की हा बोका मला का मळतो?

मी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना. म्हणजे विचारला नाही, त्यांनी विचारायला लावला. पोट तपासायला शर्ट वर केला आणि ते थांबले. पोटावर दोन्ही बाजूंना बारीक लाल टोचण्या, अगदी समांतर, रांगेत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे. "घरी सगळं ठीक आहे ना?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजाला उत्तर देताना "तात्या रोज पहाटे करतो" हे वाक्य किती अपुरं पडतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आधी तात्याचा पूर्वेतिहास घेतला. तो थोडक्यात असा: जुलैचा पाऊस, मासळीबाजारामागची गल्ली, चपलांचं खोकं, आणि "बाबा, फक्त आजची रात्र" हे वाक्य. पिल्लू तीन आठवड्यांचं असावं. डोळे उघडलेले, पण पाय अजून ठरवत होते कुठल्या दिशेला जायचं ते. आईचा पत्ता नाही. गाईचं दूध पिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात, म्हणून मांजराच्या पिल्लांची वेगळी दुधाची पावडर आणली. ती दर तीन तासांनी, कोमट करून, बिनसुईच्या सिरिंजने पाजायची. मुलीची परीक्षा होती. बायको म्हणाली, "मी एक मूल रात्री जागून वाढवलंय, आता तुमची पाळी." त्यामुळे रात्रीच्या सगळ्या पाळ्या माझ्या. मी पलंगावर आडवा, पोटावर गोधडी, गोधडीवर पिल्लू, पिल्लाच्या तोंडात सिरिंज.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याची आई आहात."

चोपन्नाव्या वर्षी, हिशेब तपासनीसाच्या पदावर असताना, हे ऐकायला माणसाची तयारी नसते.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पिल्लू दूध पिताना आईच्या आचळांच्या दोन्ही बाजूंना पंजांनी आळीपाळीने दाबतं. त्या दाबण्याने पान्हा सुटतो. पंजा दाबला की दूध येतं, दूध आलं की पोट भरतं, पोट भरलं की ऊब आणि झोप. हा हिशेब जन्मतःच पक्का होतो. रानात वाढलेलं मांजर मोठं झालं की आईपासून सुटतं, पोटापाण्याला लागतं. घरच्या मांजराला मात्र जन्मभर कोणीतरी वाढतं, उचलतं, गोंजारतं. त्यामुळे त्याचं बालपण पूर्ण संपतच नाही. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव करतात म्हणे. म्यांव असतं ते पिल्लाने आईला घातलेलं, आणि घरच्या मांजराने माणसाला. म्हणजे तात्या रोज पहाटे माझ्यावर जो उद्योग करतो, तो माझ्यातून दूध काढण्याचा आहे. चार वर्षांत एक थेंब निघालेला नाही. पण सरकारी कार्यालयात खेटे घालणाऱ्या माणसासारखी त्याची श्रद्धा अढळ आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. मळता मळता तो वास त्या जागेला लागतो, आणि जागा त्याची होते. आपल्या नाकाला काही कळत नाही, पण दुसऱ्या मांजराला कळतं. म्हणजे माझ्या पोटाचा सातबारा तात्याच्या नावावर आहे आणि रोज पहाटे त्यावर नव्याने फेरफार नोंद होते. मी फक्त कूळ.

यावर मुलीने जास्तीची माहिती पुरवली. ती मानसशास्त्र शिकते, त्यामुळे घरात कोणालाच साधं वागता येत नाही. हेलसिंकी विद्यापीठाने 2017 साली जवळजवळ सहा हजार मांजरांची माहिती तपासली होती. त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेली मांजरं पुढे जास्त आक्रमक निघाली. आमचा तीन आठवड्यांचा. मी नकळत पोटावर हात ठेवला.

मग तिने हार्लो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट काढली. त्याने 1958 च्या सुमारास माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया करून दिल्या होत्या. एक नुसत्या तारांची, पण दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाने मढवलेली, पण दूध नाही. पिल्लं भूक लागली की तेवढ्यापुरती तारेच्या आईकडे जायची, आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसायची.

"बाबा, तुम्ही कापडी आई," मुलगी कौतुकाने म्हणाली.

ओट्यापाशी बायको तात्यासाठी बांगड्याचे काटे काढत होती. रोज दोन वेळा तीच काढते. तात्या त्या वेळी तिच्या पायात घोटाळतो, खातो आणि मागे वळूनही न बघता माझ्याकडे येतो. तिचा हात थांबला.

"आणि तारेची कोण?" तिने विचारलं.

मुलगी मानसशास्त्र शिकते असं मी म्हटलं, पण अजून शिकतेय हे त्या शांततेत लक्षात आलं.

आता गोधडीचा विषय. ती माझ्या आजीच्या जुन्या नऊवारींची, माझ्या आईने शिवलेली. वर लुगड्याचे तुकडे, आत चिंध्यांचे थर, कडेला निळा काठ. मी लहानपणापासून तीच पांघरतो, मे महिन्यातसुद्धा, पंखा पाचावर ठेवून. तात्या या गोधडीचा निळा कोपरा तोंडात धरून चोखतो. मळतो पंजांनी, चोखतो तोंडाने, आणि कोपरा सकाळी चिंब. ही सवय सयामी आणि बर्मी जातींत जास्त दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तात्याच्या घराण्यात मासळीबाजारापलीकडे काही सयाम आढळत नाही. नुसतं चोखत असेल तर चोखू दे, पण कापड किंवा लोकर चावून गिळत असेल तर लगेच आणा, असं त्यांनी बजावलं. दोरा पोटात गेला की आतडी ओढली जातात, कधी ऑपरेशनवर जातं. तेव्हापासून शिवणाचा डबा, लोकरीचे गुंडे आणि आईची कानटोपी कपाटात कुलपाखाली आहेत. थंडीत आई किल्ली मागत फिरते.

आईचा या सगळ्याला तात्त्विक विरोध आहे. तिच्या मते मांजराने ओसरीवर राहावं, उंदीर धरावेत आणि माणसाने त्याला "शुक" म्हणावं. आम्हाला ओसरी नाही, उंदीर नाहीत, आणि "शुक" म्हटलं की तात्या जवळ येऊन बसतो.

पण मोज्यांचा उलगडा आईनेच केला. रात्री अडीचच्या सुमारास घरात कोणीतरी गळा काढून रडतं. खोल, दाबलेला, तोंडात काहीतरी असल्यासारखा आवाज. तोंडात माझा मोजा असतो. तात्या तो मानेला धरल्यासारखा मधोमध पकडतो, मान ताठ, मोज्याची दोन्ही टोकं लोंबताहेत, आणि हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून आईची खोली, मुलीची खोली, गॅलरी, न्हाणीघराचं दार, असा फिरत फिरत माझ्या उशीशी आणून ठेवतो. बाईंच्या मते यात शिकार घरी आणण्याची खोड असू शकते. मांजरी पिल्लांसाठी मारलेलं असं घेऊन येते. आई म्हणाली, "मोजून बघ. सात ठिकाणं झाली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं." मी मोजली. सात झाली. म्हणजे बोका, तोही ऑपरेशन झालेला, माझ्या उजव्या पायाच्या मोज्याचा प्रतिपाळ करतो. फक्त उजव्या. डाव्यांत त्याला काय खोट दिसते माहीत नाही. मी ऑफिसात एक काळा आणि एक करडा मोजा घालून बसतो आणि लोकांच्या हिशेबातल्या विसंगती काढतो.

उपाय केले नाहीत असं नाही. नखं कापली, त्यात माझी जास्त कापली गेली. दार लावून झोपलो, तर तो दाराला मळू लागला आणि खालच्या तात्यांनी वर येऊन विचारलं, की सुतार रात्री का बोलावता. मुलीने मऊ ससा आणला. तात्याने त्याला हुंगलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. शेवटी चालला तो बाईंनी सुचवलेला साधा उपाय. रागवायचं नाही, ढकलायचं नाही, झोपताना पोटावर जाड टर्किश टॉवेल दुमडून ठेवायचा. गोधडी वर, टॉवेल आत. सहा महिने आम्ही दोघं सुखात होतो.

मग दिवाळी आली. बायकोने एका दिवसात घर धुऊन काढलं. पडदे, चादरी, पायपुसणी, उश्यांचे अभ्रे, सगळे मोजे आणि निळ्या काठाची गोधडी. घरभर साबणाचा वास. त्या रात्री तात्याला काहीच ओळखू येईना. गॅलरीत वाळणाऱ्या गोधडीखाली उभा राहून त्याने वर बघून एक लांब हाक मारली. मोज्यांच्या ढिगात नाक घालून शिंकला. सोफा हुंगला, ससा हुंगला, आईच्या पायाशी जाऊन आला. मलाही झोप नव्हती. पांघरायला कडक इस्त्रीची चादर दिली होती, ती अंगावर घेतली की पाहुण्यांकडे आल्यासारखं वाटत होतं. आम्ही दोघं हॉलमध्ये भेटलो तेव्हा चार चाळीस झाले होते.

त्याने माझा हात हुंगला, मग बाही, मग पोट. अख्ख्या घरात न धुतलेली अशी तेवढी एकच वस्तू उरली होती.

"थांब," मी म्हटलं, "टॉवेल आणतो." तो उडी मारून वर चढला आणि त्याने उजवा पंजा टेकवला, तेव्हा आठवलं की टॉवेलही दोरीवर आहे.