फ्रिज आणि काका

काल रात्री दिवे घालवून डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड' हा विचित्र सिनेमा लावला आणि विसाव्या मिनिटाला काकांनी ट्यूब लावली. "काही दिसतच नाहीये," म्हणाले, आणि रिमोटही घेतला. पाहुणे, त्यात वडीलधारे. मी गप्प बसलो. तो राग अजून उतरलेला नाही.

"ब्लॅक अँड व्हाइट आहे ते ठीक. पण व्हाइट कुठाय?"

असं विचारत त्यांनी ब्राइटनेस सत्तरवर नेला. आता बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस नावाचा प्रकार काळ्या रंगाची पातळी वर उचलतो. उजेडाचा खरा कारभार बॅकलाइटकडे, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याकडे असतो. त्यामुळे ब्राइटनेस चढवला की काळोखाचा राखाडी चिखल होतो आणि ज्या कोपऱ्यात काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटत होतं, तिथे काहीच नाही हे लख्ख दिसतं. या जातीच्या सिनेमाची निम्मी पुंजी त्या कोपऱ्यात ठेवलेली असते. 'स्किनामारिंक' (2022) तर सगळा कोपऱ्यांचाच आहे. काइल एडवर्ड बॉलने तो आपण लहानाचे मोठे झालो त्याच घरात, सुमारे 15,000 डॉलरमध्ये केला. छत, दाराची चौकट, जमिनीवरची खेळणी, आणि माणसांचे चेहरे जवळपास नाहीतच. दाणेदार अंधाराकडे पुरेसा वेळ टक लावली की डोळे स्वतःच आकृत्या पाडायला लागतात. भुताचा खर्च प्रेक्षक करतो.

ब्राइटनेसनंतर काकांनी 'व्हिव्हिड' हा भडक रंगांचा मोड लावला. त्याच्या मागोमाग बऱ्याच टीव्हींत मोशन स्मूदिंग गुपचूप चालू होतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या मनाने बनवलेल्या चित्रांनी भरतो आणि दुःस्वप्नाची दुपारची मालिका करून टाकतो. हे बंद करायचं बटण प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने, मेनूच्या चौथ्या-पाचव्या पायरीखाली पुरलंय. टीव्हीची ही सगळी लुडबुड बंद करणारा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तेवढा लावावा आणि बाकी कशाला हात लावू नये. पण हे सांगायचं कोणाला? काका तोवर उठून स्वयंपाकघरात गेले होते.

"तुमचा फ्रिज बिघडलाय," तिकडून आवाज आला.

'इरेझरहेड'मध्ये पहिल्यापासून एक घरघर आहे. लिंच आणि त्याचा ध्वनिकार ॲलन स्प्लेट यांनी कारखाना, वाफ, वारा अशा आवाजांचे थर एकावर एक चढवलेत. ती घरघर जवळजवळ थांबतच नाही, म्हणून पाचेक मिनिटांनी कान ती ऐकणं सोडून देतो. पण बाकीचं शरीर सोडत नाही. पोटात उगाच खड्डा पडतो आणि कारण सापडत नाही. काकांना ते सापडलं होतं. त्यांनी फ्रिजला कान लावला. मग दोन्ही तळहात लावले, डॉक्टर पाठ तपासतात तसे. मग प्लग काढला. बाहेर येऊन क्षणभर ऐकलं.

"बघ, अजून येतोय. म्हणजे शेजारच्यांचा."

"काका, तो पिक्चरमधला आवाज आहे."

"पिक्चरमध्ये फ्रिज कुठाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इतका चोख प्रेक्षक लिंचला क्वचितच मिळाला असेल.

मग पडद्यावर नायकाचं ते विचित्र बाळ आलं. "कशाचं केलंय रे?" म्हटलं, लिंचने 2025 मध्ये जाईपर्यंत ते सांगितलं नाही. "मग तुला काय कळलं?" या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरतं. तीन तासांची मारामारी पाहून आलेल्याला कोणी असं विचारत नाही. विचित्र सिनेमा पाहणाऱ्याला दर वेळी तोंडी परीक्षा. त्यात हल्ली सिनेमा संपायच्या आत शेवट समजावणारे व्हिडिओ हजर. 'प्रायमर' (2004) 7,000 डॉलरचा. त्यातली पात्रं कालप्रवासाबद्दल आपापसात इंजिनिअरांसारखी बोलतात आणि आपल्यासाठी वाक्य थांबवत नाहीत. कोण कुठल्या काळात गेलं याचा तक्ता समोर ठेवून तो पाहणं म्हणजे उत्तरं बघून शब्दकोडं भरणं. कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' 1988 चा. थिएटरात लागला 2014 मध्ये. सव्वीस वर्षांत कोणाला त्याचा सारांश करता आला नाही आणि त्याचं काही बिघडलंही नाही.

काकांना वश करायला मी शेवटचा पत्ता टाकला. 'इरेझरहेड'मध्ये नायक दाराची मूठ फिरवतो आणि आत येतो. या दोन शॉट्समध्ये दीड वर्ष गेलंय. पैसे संपायचे, काम थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं; 1972 ला सुरू झालेलं हे प्रकरण 1977 ला पडद्यावर आलं. तेवढी वर्षं नायक झालेल्या जॅक नान्सने ते उभे केस सांभाळले.

काका विचारात पडले. "दीड वर्ष दार उघडंच होतं?" मग दहा-दहा सेकंद पुढे ढकलत थेट शेवटावर गेले. असल्या सिनेमात याहून मोठं पाप नाही. ज्या शॉटमध्ये काही घडत नाही, तो तुम्हाला वाट पाहायला लावण्यासाठीच ठेवलेला असतो. वाटच कापली तर उरतं काय? रबराचं बाळ. का कशाचं ते.

"बंडल," असा निकाल देऊन ते झोपायला गेले. ब्राइटनेस आधी कितीवर होता ते मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता अंदाजाने खालीवर करतोय आणि प्रत्येक आकडा चुकीचा वाटतोय. घरातल्या बाकीच्यांचं मत पडलं, राहू दे, आता कसं स्वच्छ दिसतंय.

सकाळी कळलं, फ्रिजचा प्लग तसाच राहिला होता. बोलणी मला बसली. रात्री असले पिक्चर लावतं कोण?