बघतो म्हणालो आणि फसलो

मतदान म्हणजे कसं असतं, शाळेत जायचं, रांगेत उभं राहायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, पुठ्ठ्याच्या आड जाऊन बटण दाबायचं आणि बाहेर आल्यावर जो कोणी विचारेल त्याला "तुमचंच काम केलंय" म्हणून सांगायचं. मिरजेत आमच्या वॉर्डात चार जण उभे असायचे आणि आमचे बाबा चौघांनाही हेच सांगायचे, चौघंही खूष, चहा पिऊन जायचे. लोकशाहीचा खरा आधार म्हणजे तो पुठ्ठा, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि नशीब बघा, सिटिझनशिप घेतली ती नेमकी आयोवात, जिथे तेव्हा पुठ्ठाच नव्हता.

म्हणजे नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीला असतो. पण त्याआधी पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायचं असतं, आणि त्यासाठी बाकी बहुतेक राज्यांत प्रायमरी असते, गुपचूप मत द्या नि घरी जा. आयोवात कॉकस. २०२० पर्यंत डेमोक्रॅट लोकांचा कॉकस म्हणजे संध्याकाळी ७ वाजता वॉर्डातल्या सगळ्यांनी शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि ज्याला जो उमेदवार पसंत त्याने त्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांदेखत. मग डोकी मोजायचे. १९७२ पासून तोवर सगळ्या देशात पहिला नंबर आमचा, त्यामुळे आख्खी अमेरिका टीव्हीवर बघत असायची की हे मक्याच्या शेतातले लोक कुठल्या कोपऱ्यात उभे राहतायत.

२०२० च्या कॉकसआधी हे मी बाबांना फोनवर सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहायचं?"

"हो."

"शेजारीपाजारी बघणार?"

"हो."

"आणि सूनबाई?"

"ती पण असणार ना."

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू आजारी पड."

बाबांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करताना इलेक्शन ड्युट्या केलेल्या आहेत, त्यांना यातलं कळतं. पण मी ऐकलं नाही.

आता माझी अडचण नीट समजून घ्या. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ७८, आयुष्यभर मका आणि सोयाबीन केलं, आता जमीन खंडाने देऊन गावात आलेत. त्यांच्याकडे स्नोब्लोअर आहे आणि माझ्याकडे फावडं आहे. गेले पाच हिवाळे बर्फ पडला की ते सकाळी साडेपाचला स्वतःचा ड्राइव्हवे साफ करतात आणि त्याच झपाट्यात आमचाही, न सांगता, न बोलता. ज्याने आयोवातला जानेवारी पाहिलेला नाही त्याला हे उपकार कळणार नाहीत. तर हे आजोबा बायडनचे प्रिसिंक्ट कॅप्टन. म्हणजे आपल्याकडचा बूथप्रमुख समजा. बायको एलिझाबेथ वॉरनची, नुसती मतदार नाही, भक्त. सभा संपल्यावर सेल्फीच्या रांगेत दीड तास उभी राहिली होती आणि तो फोटो फ्रिजवर आहे, लग्नातला फोटो हॉलमधून काढून बेसमेंटमध्ये गेला तो वेगळा विषय. आणि मुलगा तिसऱ्याच उमेदवाराचा, बर्नी सँडर्सवाला. तो १७ वर्षांचा, पण नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर कॉकसला येता येतं, असा नियम आहे. कोणी केला हा नियम.

तिघांनीही मला विचारलं होतं. तिघांनाही मी म्हणालो होतो, "बघतो."

मराठी माणसाला "बघतो" म्हणजे काय ते कळतं. अमेरिकन माणसाला मी "वी विल सी" म्हणालो तर आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि वहीत माझ्या नावापुढे टिक केली. ती टिक मी डोळ्यांनी पाहिली, आणि तिथून माझी झोप गेली.

त्या वर्षी उमेदवारांची जत्रा होती हो. ऑगस्टमध्ये स्टेट फेअरला जावं तर लोण्याची गाय बघायच्या रांगेत कॅमेरेवाले, आणि कुठला तरी सिनेटर काडीला टोचलेला पोर्क चॉप असा खातोय की जन्मभर हेच खात आला. एमी क्लोबुशार बाई शेजारच्या मिनेसोटाच्या, त्यांनी आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथे घातले. अँड्र्यू यँग म्हणे प्रत्येकाला महिन्याला हजार डॉलर देणार, हे ऐकून आमच्या गणपतीच्या ग्रुपमधले तिघं ताबडतोब त्याच्याकडे गेले. पीट बुटिजजच्या लोकांनी आडनावाचा उच्चार टीशर्टवर फोड करून छापला होता, बूट-एज-एज. मला त्याच्याबद्दल खरं तर आपुलकी वाटायची, माझ्या आडनावाचे ऑफिसात जे हाल होतात ते बघता आपणही टीशर्ट छापावा असं मनात येऊन गेलं. जानेवारीत तर कमाल, ट्रम्पच्या महाभियोगाचा खटला सुरू झाला आणि सिनेटर मंडळी वॉशिंग्टनमध्ये अडकली, तर प्रचाराला वॉरनबाईंचे यजमान आणि त्यांचा कुत्रा आला. बेली नावाचा. बायको त्याच्याबरोबरही फोटो काढून आली.

आणि चर्चा! लायब्ररीत चर्चा, चर्चच्या तळघरात चर्चा, आमच्या हळदीकुंकवात पण चर्चा. गंमत अशी की मला कोण आवडतो हे कोणी बोलतच नव्हतं. "मला वॉरन आवडतात गं, पण लोकांना आवडतील का?" "बर्नीचं पटतं, पण बाकीचे घाबरतात." ट्रम्पला कोण हरवेल एवढाच प्रश्न, आणि जो तो दुसऱ्या कोणाच्या तरी पसंतीचा उमेदवार शोधत होता. हे मला फार ओळखीचं वाटलं. मुलगी आम्हाला पसंत आहे हो, पण आमच्या आत्याबाईंना नाकाचं जरा वाटतंय. सगळ्या आयोवात त्या आत्याबाई कुठे राहतात ते कोणालाच माहीत नव्हतं.

घरात बायको आणि मुलगा भांडायचे. ती म्हणायची पाच कोटी डॉलरच्या वर संपत्ती असेल तर वरच्या डॉलरला दोन सेंट टॅक्स, एवढा साधा प्लॅन आहे, तो म्हणायचा प्लॅन नको क्रांती पाहिजे, आणि हे वाक्य तो आईने केलेली थालीपीठं खात म्हणायचा. मी भांडी घासायचो. त्या दोन महिन्यांत मी जेवढी भांडी घासली तेवढी हॉस्टेलपासून घासली नव्हती.

तर ३ फेब्रुवारी २०२०, सोमवार. शाळेची जिम, बास्केटबॉलचे बोर्ड वर गुंडाळलेले, फरशीला मेणाचा आणि मुलांच्या मोज्यांचा मिळून येतो तो वास. दारात नाव बघून हातात एक कार्ड दिलं, एका बाजूला पहिली पसंती, मागच्या बाजूला दुसरी, खाली सही. सही! म्हणजे लपायला काही जागाच ठेवलेली नाही. चेअरबाईंनी माइकवर आकडा जाहीर केला, हजर २८३. ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्के नाहीत तो बाद, म्हणजे किमान ४३ डोकी पाहिजेत. व्हाएबल हा त्यांचा शब्द. मग पक्षासाठी वर्गणीचं पाकीट फिरलं, आरतीचं ताट फिरतं तसंच, आणि तसेच काही लोक त्याच वेळी बुटाची लेस बांधायला खाली वाकले.

"चला, आपापल्या जागी जा."

आणि २८२ माणसं हलली. मी जिमच्या बरोब्बर मध्ये, जिथे बॉल टाकून खेळ सुरू करतात त्या गोलात उभा. डावीकडे बायको वॉरनच्या पाटीखाली, हात हलवतेय. समोर मुलगा बर्नीच्या घोळक्यात, मित्रांसमोर बाप कसा वागतो या काळजीत. उजवीकडे आजोबा, बायडनचा बिल्ला, आणि शेजारची खुर्ची त्यांनी कोट ठेवून माझ्यासाठी धरलेली. एसटीत रुमाल टाकतात तशी. मला घाम फुटला. मी शांतपणे मागच्या भिंतीकडे चालत गेलो. तिथे एक पाटी होती आणि पाटीखाली कोणीही नव्हतं. अनकमिटेड, म्हणजे कोणाचाच नाही.

चेअरबाई मोजत मोजत आल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं. "किती?" मी म्हणालो एक. "कॅप्टन कोण?" मीच. त्यांनी लिहून घेतलं.

बुटिजज ७४, बर्नी ६६, वॉरन ५५, क्लोबुशार ३९, बायडन ३१, यँग १४, स्टायर ३, अनकमिटेड १. जिममध्ये माझ्या आकड्याला टाळ्या पडल्या. हसू नका, १९७६ साली याच आयोवात अनकमिटेडचा पहिला नंबर आला होता आणि जिमी कार्टर दुसरे, आणि तेच पुढे प्रेसिडेंट झाले. हे मी शेजारच्या यँगवाल्यांना सांगितलं. त्यांना माझी दया आली असावी, त्यांनी मला बिस्किट दिलं.

आता दुसरी फेरी. रीअलाइनमेंट. ज्यांचे ४३ झाले ते जागेवर पक्के, त्यांना हलता येत नाही. बाकीच्यांनी एकमेकांत जुळवायचं नाहीतर मोठ्या कोपऱ्यात जायचं. ओढाओढी सुरू झाली आणि त्यात सगळ्यात मोकळा माणूस मी. हे जे काय चाललं होतं ते मला काही नवीन नव्हतं, नोव्हेंबरमध्येच आम्ही रात्र रात्र जागून महाराष्ट्रातली रीअलाइनमेंट बघितली होती, तिकडचे लोक झोपताना एक मुख्यमंत्री ठरलेला आणि ते सकाळी उठून बघतात तर फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी उरकलेला. फक्त तिथे आमदारांना हॉटेलात ठेवतात, इथे लेमन बार, म्हणजे लिंबाच्या वड्या, देतात.

क्लोबुशारवाल्यांना चारच पाहिजे होते, त्यांची एक बाई ताट घेऊनच आली. बायको आली. ती काही बोलली नाही, फक्त "मोजे घालून आलायस ना, फरशी गार आहे" म्हणाली, आणि गेली. यात प्रचार कुठेच नाही, पण वीस वर्षांचा संसार झालाय, मला कळलं. मुलगा आला, "बाबा, प्लीज इथे तरी एकटा उभा नको राहू." शेवटी आजोबा आले. त्यांना १२ पाहिजे होते. ते बायडनबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, "या वर्षी बर्फ कमी आहे नाही?"

बस. मी हरलो. च्यायला, म्हटलं पाच हिवाळे आहेत, बायको काय दोन दिवस बोलणार नाही, बोलेल तिसऱ्या दिवशी. मी कार्डाची मागची बाजू भरायला घेतली, पेन चालेना, यँगवाल्याचं पेन घेतलं, मान खाली घालून, बायकोकडे न बघता, आख्खी जिम ओलांडून बायडनच्या कोपऱ्यात पोचलो. मान वर केली तर तिथे पाटी, सात-आठ रिकाम्या खुर्च्या आणि एक हातमोजा. माणूस नाही. मी पेन शोधत होतो तेवढ्यात त्यांनी हिशोब केला की १२ काही जमत नाहीत, आणि सगळे उठून गेले, काही बुटिजजकडे, बरेचसे क्लोबुशारकडे. आजोबा क्लोबुशारच्या घोळक्यातून मला हाक मारत होते. शेजारची खुर्ची धरलेली होतीच.

गेलो. कार्डावरचं "बाय" खोडून क्लोबुशारचं स्पेलिंग आजोबांना विचारून लिहिलं.

शेवटचा आकडा, बुटिजज ८७, बर्नी ७२, वॉरन ६२, क्लोबुशार ५६. सहा जण वैतागून घरी गेले. आमच्या प्रिसिंक्टचे, म्हणजे वॉर्डाचे, डेलिगेट (पुढच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी) ९, त्याचं गणित असं की कोपऱ्यातली डोकी गुणिले ९ भागिले २८३ आणि अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात. ३, २, २, २. म्हणजे बर्नीचे ७२ आणि आमचे ५६, डेलिगेट सारखेच दोन. मुलगा फोनवर कॅल्क्युलेटर उघडून चेअरबाईंशी भांडायला गेला आणि बरोबर निघालं म्हणून आणखी चिडून परत आला. मी पण घरी येऊन करून बघितलं. मी आमच्याकडे नसतो तरी दोनच, बायकोकडे गेलो असतो तरी त्यांचे दोनच. माझ्या जाण्यायेण्याने आयोवात कुठेही काहीही फरक पडला नव्हता, आमच्या घरात सोडून.

आणि एवढं करून त्या रात्री निकाल लागलाच नाही! आकडे पाठवायचं नवीन ॲप बिघडलं, फोन लावावा तर होल्डवर, देशभरचे टीव्हीवाले रात्रभर रिकामा नकाशा दाखवत बसले. मंगळवारी बाबांचा फोन, "कोण आलं रे?" माहीत नाही. बुधवारी परत. माहीत नाही. गुरुवारी बाबा म्हणाले, "आमच्याकडे निकाल लागून महिनाभर सरकार नव्हतं. तुमच्याकडे सरकार आहे, निकाल नाही. तू कार्ड जपून ठेवलंयस का?" म्हटलं कार्ड जमा करून घेतलं. "मग तू त्या बायकांना पोचपावती तरी मागायचीस," असं म्हणून इलेक्शन ड्युटी केलेल्या माणसाने फोन ठेवला. शेवटी आकडे आले ते बुटिजज २६.२ टक्के आणि बर्नी २६.१, ते पण डेलिगेटच्या हिशोबात, डोकी मोजली तर बर्नी पुढे. घरात यावरून जे झालं ते लिहीत नाही. मी भांडी घासली.

एक सांगायचं राहिलं. त्या रात्री काउंटीच्या अधिवेशनाला कोण जाणार म्हणून आमच्या कोपऱ्यात दोन नावं पाहिजे होती. तोपर्यंत साडेनऊ झालेले, लोकांचे कोट चढवून झालेले, आणि मंडळाच्या ट्रेझररची निवड होते त्याच पद्धतीने, म्हणजे जो मान वर करून बघेल तो, एक आजोबा आणि दुसरा मी. तासापूर्वी अनकमिटेड असलेला माणूस क्लोबुशारचा अधिकृत डेलिगेट. बायकोने गाडीत विचारलं, "तुला त्यांचा एक तरी प्लॅन सांगता येईल?" मी हीटर वाढवला.

२ मार्चला क्लोबुशार बाईंनी माघार घेतली आणि त्याच संध्याकाळी डॅलसला जाऊन बायडनना पाठिंबा दिला. बुटिजज आदल्या दिवशीच बाहेर पडले होते, ते पण तिकडेच. मी बातमी बघतोय तोवर दार वाजलं. आजोबा. बाहेर बर्फ नव्हता काही नव्हतं तरी त्यांची ती कानटोपी, आणि हातात तीच वही. म्हणाले, तुझी बाई आमच्याकडे आली, आता तू पण येऊन टाक.

मागे किचनमध्ये नळ बंद झाल्याचा आवाज आला. वॉरनबाई तेव्हा अजून शर्यतीत होत्या.

"वी विल सी," मी म्हणालो. त्यांनी पेन काढलं.