‘कपाळावर गंध दिसलं की समजून जा’: एका फॉरवर्डची झडती

सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपर्यंत तो सगळीकडे पोचलाय. मजकूर थोडक्यात असा: देव मानणाऱ्यांचा बुद्ध्यांक कमी असतो हे ६३ अभ्यासांनी सिद्ध झालंय, माणूस विचार करू लागला की श्रद्धा गळते, खरे शास्त्रज्ञ देव मानत नाहीत, धार्मिक देश गरीब राहतात, धार्मिक घरातली मुलं स्वार्थी निघतात, श्रद्धाळू माणूस कधी प्रश्न विचारत नाही. आणि शेवटी निकाल: ‘कपाळावर गंध दिसलं की समजून जा.’

मी पूजाअर्चा करत नाही, उपास धरत नाही. म्हणून ‘हे तुझ्या कामाचं’ असं लिहून एका मित्राने तो मला मुद्दाम पाठवला. वाचला, आणि एकेक दावा तपासत गेलो.

‘६३ अभ्यासांनी सिद्ध.’ आकडा खरा आहे, हे आधीच सांगतो. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ मिरॉन झुकरमन आणि सहकाऱ्यांनी ६३ जुने अभ्यास एकत्र केले आणि बुद्धिमत्ता व धार्मिकता यांच्यात उणे ०.२४ इतका सहसंबंध काढला (उणे म्हणजे एक जास्त तर दुसरं कमी; नातं अगदी पक्कं असतं तर आकडा उणे १ आला असता). २०२० मध्ये ८३ अभ्यास घेऊन त्यांनीच पुन्हा हिशेब मांडला, तेव्हाही हे उलटं नातं टिकलं. सरासरीत फरक आहे, नाही कशाला म्हणायचं? पण केवढा? उणे ०.२४ म्हणजे माणसामाणसांच्या बुद्ध्यांकात जो फरक असतो, त्यातला जेमतेम सहा टक्के भाग धार्मिकतेशी जुळतो. आणखी सोपं करतो. कोणतीही दोन माणसं घ्या आणि पैज लावा की त्यांतला जास्त देवभक्त तोच कमी हुशार. अशा शंभर जोड्यांत साधारण ५८ वेळा जिंकाल आणि ४२ वेळा तोंडावर आपटाल. एवढ्याशा भांडवलावर शेजाऱ्याची अक्कल काढायची?

मेसेज लिहिणाऱ्याने मूळ निबंध उघडलेला दिसत नाही. त्यात म्हटलंय की हे नातं श्रद्धेच्या बाबतीत जास्त ठळक आहे, धार्मिक आचरणाच्या बाबतीत कमी. गंध, माळ, टोपी, पगडी, उपास हे सगळं आचरणात येतं. म्हणजे ज्या खुणेवरून निकाल द्यायला सांगितलाय, तिच्याच बाबतीत पुरावा लंगडा. आपल्याकडे तर ही फारकत घरोघरी दिसते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात बघून मगच ताटावर बसणारे कितीतरी जण देव आहे का असं विचारलं तर ‘असेल बुवा, आईने सुरू केलंय म्हणून चाललंय’ एवढंच म्हणतात. याला कुठल्या रकान्यात टाकणार? २०२० च्या निबंधात तर लेखकांनीच हात वर केलेत: निष्कर्ष पाश्चात्त्य समाजांपुरता. जांभळी नाक्याला कोपिनेश्वराच्या रांगेत सोमवारी उभे राहणारे लोक त्या हिशेबात नव्हतेच.

‘विचार करू लागला की श्रद्धा गळते.’ याचं मूळ २०१२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात असावं. काही जणांना शिल्पकार रोदँच्या विचारमग्न पुतळ्याचा फोटो दाखवला, काहींना थाळी फेकणाऱ्या खेळाडूच्या पुतळ्याचा, आणि मग देवावर किती विश्वास आहे ते विचारलं. पहिल्या गटाचा विश्वास कमी भरला. सहभागी होते ५७. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग नऊशेहून जास्त लोकांवर करून पाहिला, तर फरक दिसेना. मूळ संशोधकांपैकी एकाने आपला प्रयोग तकलादू होता हे मोकळेपणाने कबूलही केलं. फॉरवर्डला ही बातमी अजून पोचलेली नाही.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीचे एक टर्नर आहेत, गळ्यात तुळशीची माळ. खंडेनवमीला लेथ पुसून चकाला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. एरवी हेच गृहस्थ प्रत्येक जॉब मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरपर्यंत बघतात आणि माप हुकलं की तो भंगारात टाकतात. ‘चालवून घ्या हो’ म्हणतो तो त्यांचा मालक, आणि तो देव मानत नाही. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. फॉरवर्डवाल्याकडे तेवढंही नाही.

‘खरे शास्त्रज्ञ देव मानत नाहीत.’ अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुरतं बोलायचं तर यात बरंच तथ्य आहे. तिच्या सदस्यांच्या १९९८ च्या पाहणीत व्यक्तिरूप ईश्वर मानणारे सात टक्केच निघाले. पण अमेरिका म्हणजे जग नव्हे. समाजशास्त्रज्ञ एलेन एकलंड यांच्या गटाने आठ ठिकाणच्या नऊ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांना विचारलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. भारत, इटली, तैवान आणि तुर्कस्तान इथल्या निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञांनी स्वतःला धार्मिक म्हटलं. म्हणजे शास्त्रज्ञ देव मानतो की नाही, हे तो कुठे वाढला यावरही बरंच ठरतं. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ चं छोटं मॉडेल घेऊन इस्रोची मंडळी तिरुमलाला गेली होती. मला ते रुचलं नाही, सरकारी मोहिमेला देवळाची पायरी कशाला? पण २३ ऑगस्टला यान चंद्रावर अलगद उतरलं ते इंजिनांच्या आणि आज्ञावलीच्या जोरावर, हे त्या मंडळींना माझ्याहून चांगलं कळतं.

‘धार्मिक देश गरीब राहतात.’ गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २००९ च्या पाहणीत सर्वांत गरीब देशांत धर्म महत्त्वाचा मानणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात होतं, श्रीमंत देशांत ते निम्म्याच्या आसपास. पण यावरून बाण कुठल्या दिशेला काढायचा? जिथे दवाखाना लांब, पेन्शन नाही आणि एका आजारपणात घर विकावं लागतं, तिथे माणूस देवाचा धावा जास्त करतो, असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. आखाती देश श्रीमंत आहेत आणि धार्मिकही. इतकं लांब जायचं नसेल तर केरळ बघा: २०११ च्या जनगणनेत ९४ टक्के साक्षरता, देशात पहिला नंबर, आणि शबरीमलाला पाय ठेवायला जागा नसते.

‘धार्मिक घरातली मुलं स्वार्थी.’ हा दावा सगळ्यांत मजेशीर. २०१५ मध्ये सहा देशांतल्या हजारावर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: धार्मिक घरांतली मुलं वाटून देण्यात हात आखडता घेतात. जगभर मथळे झळकले. मग दुसऱ्या एका संशोधकाने मूळ आकडेवारी मागून घेतली, तेव्हा घोळ सापडला. देशांना ओळखीपुरते १, २, ३ असे क्रमांक दिले होते आणि हिशेबात ते क्रमांक खरोखरची मापं म्हणून धरले गेले. म्हणजे एखादा देश दुसऱ्याच्या ‘तिप्पट’ देश झाला! चूक सुधारल्यावर तो निष्कर्ष उभा राहीना, आणि २०१९ मध्ये निबंध मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता ‘प्रश्न विचारत नाहीत’. इथे फॉरवर्डला थोडं झुकतं माप देतो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. पृष्ठताणाचं (द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं) स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी दिलं तरी अनेकांनी कानांवर हात ठेवले. २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून न्यायला धावले. या लोकांना प्रश्न पडायला हवे होते, आणि ते कुणीतरी खडसावून विचारायलाही हवे होते.

पण महाराष्ट्रात हे खडसावण्याचं काम भक्तांनीही केलंय. गाडगेबाबा अंगावर चिंध्या, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तनात समोरच्यांना प्रश्नामागून प्रश्न: देवाला बकरं कशाला कापता? कर्ज काढून सण कशाला करता? ‘गोपाला गोपाला’चा गजर आणि ही उलटतपासणी एकाच तोंडून चालायची. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, आणि दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण उतरतात. या माणसाला ‘प्रश्न न विचारणारा श्रद्धाळू’ म्हणून दाखवा बघू.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटत होते, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात आला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही. शारीरिक इजा नाही, आर्थिक लुबाडणूक नाही, तर घरी किंवा प्रार्थनास्थळी केलेली उपासना कायद्याच्या कक्षेबाहेर. भोंदूला पकडायचं ते तो काय करतो यावरून. गंध बघून निकाल देणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

खुणेवरून माणूस ओळखण्याच्या या सवयीची झळ गंधवाल्याला तशी कमीच बसते. मुलाखतीच्या दिवशी तो गंध पुसतो, माळ शर्टात सारतो. ठाण्यात किंवा वाशीत भाड्याने घर शोधणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला आडनाव शर्टात सारता येत नाही. ‘सोसायटीचा नियम आहे’ हे वाक्य त्यांना तोंडपाठ असतं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा एवढा का वाढला, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३०,००० लोकांची पाहणी केली. सगळ्या धर्मांचा आदर हा खरा भारतीय असण्याचा भाग आहे असं ८४ टक्के लोक म्हणाले, आणि त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंना मुस्लिम शेजारी नको होता.

हा खेळ उलट्या बाजूनेही चालतो. २०१७ मध्ये भारतासह १३ देशांत झालेल्या एका अभ्यासात लोकांना एका क्रूर खुन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि तो कोण असेल ते विचारलं. तो आस्तिक असण्यापेक्षा नास्तिक असेल, असं वाटणारे जवळपास दुप्पट निघाले. त्यात स्वतः नास्तिक असणारेही होते! आमच्या ग्रुपवर गंधवाल्या मेसेजच्या मागोमाग ‘देव न मानणाऱ्याला नीती नसते’ असा दुसरा मेसेज आला. दोन्हींखाली अंगठा दाखवणाऱ्यांत दोन-तीन नावं तीच होती.