कामिकाझे आणि तो ‘हसत हसत मेले’वाला मेसेज

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. जपानचे कामिकाझे वैमानिक, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब लादलेलं विमान घेऊन शत्रूच्या जहाजावर स्वतःच आदळणारे, सम्राटासाठी हसत हसत मेले, सगळे स्वखुशीने पुढे आले, निघाल्यावर एकही माघारी फिरला नाही. शेवटी ठरलेली पुस्ती: ‘नाहीतर आपली पोरं बघा!’ पोरांचं राहू द्या, आधी मेसेजचंच बघू.

‘हसत हसत.’ सोबतच्या फोटोत पाच हसरी पोरं आहेत. मधल्याच्या हातात कुत्र्याचं पिल्लू. तो युकिओ अराकी, वय १७. फोटो मे १९४५मधला, वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेला. कॅमेऱ्यापुढे, सोबत्यांच्या घोळक्यात कुणीही हसेल. त्यावरून मनातलं ओळखायचं कसं?

‘स्वखुशीने.’ पहिल्या तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट युकिओ सेकी. वय २३, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपिन्सच्या तळावर त्याला रात्री बोलावून वरिष्ठांनी ‘जाशील ना?’ असं विचारलं. लष्करात असल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. नंतर एका युद्धवार्ताहराजवळ तो मोकळेपणाने बोलला: माझ्यासारखा वैमानिक मारावा लागत असेल तर जपानचं काही खरं नाही, बॉम्ब टाकून परत यायची धमक माझ्यात आहे, आणि मी सम्राटासाठी नाही, बायकोसाठी जातोय. इतरांकडून कुठे कुठे कागद भरून घेतले जात: तीव्र इच्छा, इच्छा, इच्छा नाही. कागद वरिष्ठांच्याच हातात जायचा. याला हवं तर स्वखुशी म्हणा.

‘सम्राटासाठी.’ इथे मेसेज सगळ्यात जास्त घसरतो. १९४३मध्ये कला-कायदा शाखांच्या विद्यार्थ्यांची लष्करी सेवेतली सवलत काढून घेतली गेली आणि वाचणारी-लिहिणारी पोरं थेट गणवेशात आली. केओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारा र्‍योजी उएहारा त्यांच्यातलाच. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाच्या समुद्रात तो मेला, वय २२. आदल्या रात्री दक्षिण जपानमधल्या चिरानच्या हवाई तळावर त्याने एका वार्ताहरासाठी चार ओळी लिहून ठेवल्या. त्यात आपण उदारमतवादी आहोत हे तो लपवत नाही. स्वातंत्र्याचाच विजय होणार आणि हुकूमशाही राष्ट्रं कोसळणार, असं बजावतो; वैमानिक म्हणजे यंत्राचा निव्वळ एक भाग, असंही म्हणतो. हे लिहून दुसऱ्या दिवशी गेला. का गेला? सोबती जात असताना आपण मागे कसं राहायचं, घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, शत्रू दारात आलाय, अशा अनेक गोष्टी या पोरांच्या लिखाणात एकमेकींत मिसळलेल्या असतात. सम्राटावर मनापासून श्रद्धा असलेलेही होते, नाही असं नाही. पण इचिझो हायाशी हा त्यांच्यातलाच एक वैमानिक ख्रिस्ती होता, बायबल बरोबर घेऊन गेला. त्याला कुठल्या खणात टाकणार? शिवाय बहुतेक पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जात. त्यातली गोड वाक्यं जरा जपूनच वाचावीत.

‘एकही माघारी फिरला नाही.’ साफ खोटं. इंजिन बिघडायचं, ढगांत लक्ष्य सापडायचं नाही, विमानं परत यायची. लष्कराने परतलेल्यांसाठी फुकुओकात वेगळी जागाच केली होती. तिथे त्यांना कोंडून, ‘मेला का नाहीस?’ म्हणून झापलं जाई. तोमोजी सासाकी तर नऊदा निघाला आणि नऊदा जिवंत परतला. मधल्या काळात तो जहाज बुडवून वीरमरण पावल्याची बातमी छापून आली, गावी अंत्यसंस्कारही उरकले. छापलेलं खरं ठरवायचं म्हणून वरिष्ठ त्याला पुन्हा पुन्हा मरायला धाडत राहिले. हा सासाकी २०१६पर्यंत जगला.